धुऊन वापरायचा एअर फिल्टर एकत्र मागवावा का?

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. गाडीच्या इंजिनासाठी धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा कापडी एअर फिल्टर मिळतो. तो एकदा बसवला की गाडी असेपर्यंत बदलावा लागत नाही आणि मायलेजही वाढते, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. पाच-सहा जणांनी मिळून मागवल्यास तो दरात सवलत द्यायला तयार आहे. कोणाला हवा असल्यास, किंवा याविषयी माहिती असल्यास, कृपया कळवावे.

ए-१०४ : मागणी नोंदवण्यापूर्वी माझे म्हणणे वाचावे, अशी सर्वांना विनंती आहे. बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनाचे भाग तयार करण्याच्या धंद्यात माझे आयुष्य गेले. इंजिनात धूळ गेली की काय होते, हे मी खोललेल्या इंजिनांत अनेकदा पाहिले आहे. धुळीतील वाळूचा बारीक कण लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, लोखंडापेक्षा कठीण असतो. तो पिस्टनवरची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये सापडला की पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. आधी होनिंगच्या, म्हणजे लायनर तयार करताना आतून घासून उमटवलेल्या, तिरप्या रेषा पुसल्या जाऊन लायनर आरशासारखा चकचकीत होतो, मग इंजिन ऑइल खाऊ लागते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तेव्हा फिल्टर किती हवा आत सोडतो यापेक्षा किती धूळ बाहेर अडवतो, हाच आपल्यासाठी खरा प्रश्न आहे.

कापडी फिल्टरमध्ये जाळीच्या दोन थरांमध्ये सुती कापडाच्या घड्या असतात आणि त्यांना खास तेल लावलेले असते. कापडाची वीण मोकळी असल्यामुळे हवा सहज जाते आणि धूळ तेलाला चिकटते. अमेरिकेतील के अँड एन ही कंपनी १९६९ पासून या क्षेत्रात आहे आणि असे फिल्टर शर्यतीच्या गाड्यांमध्ये नावाजले गेले. तिथे इंजिन सतत पूर्ण ताकदीने चालते आणि ते वरचेवर खोललेही जाते. आपली गाडी मात्र खानापूर रस्त्याला तांबड्या मातीच्या लोटातून, किंवा गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून संकेश्वर-चिकोडीकडे जाते आणि तिचे इंजिन वर्षानुवर्षे न खोलता चालावे, अशी आपली अपेक्षा असते. गाडीत नेहमी असणाऱ्या कागदी फिल्टरचा गुण असा, की त्यावर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करतो, म्हणून थोडा वापरलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षाही बारीक धूळ अडवतो. कापडी फिल्टरचे काम तेल लावणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते आणि जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसून इंजिनाचा दिवा लागू शकतो.

मायलेजचा दावा तर मला मुळीच पटत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर बसवून चाचण्या केल्या. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये मायलेजवर लक्षणीय परिणाम आढळला नाही, फक्त वेग घेण्याची ताकद कमी झाली. आत येणारी हवा कमी झाली की गाडीतला संगणक इंधनही त्याच प्रमाणात कमी सोडतो. चोंदलेल्या फिल्टरनेही मायलेज घटत नसेल, तर मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कुठून?

आता खर्च पाहू. माझ्या गाडीचा कागदी फिल्टर साधारण ४०० रुपयांना मिळतो आणि आपल्याकडील धुळीमुळे तो मी २०,००० किलोमीटरला बदलतो. कापडी फिल्टर आणि त्याचे साबण-तेल मिळून ६,५०० रुपये धरले, तरी ते वसूल व्हायला सव्वातीन लाख किलोमीटर लागतील. तोपर्यंत आपल्यापैकी किती जण तीच गाडी ठेवतील?

सी-२०१ : काका, एक शंका आहे. येळ्ळूरला आमच्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लीनर आहे. त्यातला गाळ काढून तेल बदलले की झाले, नवीन काही घ्यावे लागत नाही. शेतातल्या धुळीत ते चालते, तर गाडीला धुता येणारा फिल्टर का चालू नये?

ए-१०४ : शंका अगदी योग्य आहे. त्या क्लीनरमध्ये हवा तेलाच्या पृष्ठभागाजवळ जाऊन एकदम वळते, त्या वळणावर जड कण तेलात फेकले जातात आणि उरलेले वरच्या ओल्या जाळीत अडकतात. मात्र इंजिन हळू चालत असताना हवेला वेग नसतो आणि बारीक धूळ निसटते. म्हणूनच पुढे अनेक ट्रॅक्टरांमध्ये कोरडे कागदी फिल्टर आले. नांगरणीपेक्षा जास्त धूळ आपल्या गाडीच्या वाट्याला येत नाही; ट्रॅक्टरवाल्यांनीच कागद स्वीकारला असेल, तर आपण उलट दिशेने का जावे?

बी-२०३ : काका, मला कामासाठी जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या घाटातून वरचेवर जावे लागते. पावसात कागद भिजत नाही का? आणि गॅरेजवाला प्रत्येक सर्व्हिसिंगला हवा मारून तोच फिल्टर परत बसवतो, ते योग्य आहे का?

ए-१०४ : वहिनी, नुसत्या पावसाने सहसा काही होत नाही, कारण हवा आत घेणारे तोंड उंचावर असते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली असेल, तर मात्र फिल्टरची पेटी उघडून पाहावी आणि कागद ओला किंवा फुगलेला दिसल्यास फिल्टर लगेच बदलावा. हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने आणि आतल्या बाजूने बाहेर मारावी. जोरात मारल्यास कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. पेटी उघडलीच आहे, तर फिल्टरच्या पलीकडच्या नळीतून पांढरे फडके फिरवून पाहा. फडक्याला तांबडी धूळ लागली तर रबराची कड नीट बसत नाही किंवा फिल्टर हलक्या प्रतीचा आहे, असे समजावे. तसेच पार्किंगमध्ये उंदीर आहेत, तेव्हा पेटीत चिंध्या किंवा कुरतडलेला कागद आहे का, तेही पाहावे.

बी-३०२ : काका, सविस्तर माहितीबद्दल मनापासून आभार. विक्रेत्याला मी नकार कळवतो. मूळ कंपनीचे कागदी फिल्टर एकत्र मागवायचे असतील, तर प्रत्येकाने गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल एवढे इथे लिहावे; दर विचारून रविवारपर्यंत सांगतो.