पोटातले नऊ महिने आणि बाळाची पुढची तब्येत: आत्ता काय तपासायचं?

त्रिमूर्तीनगर: बायकोला नववा आठवडा चालू आहे. शेवटचे दोन महिने एप्रिल-मेच्या उन्हात येणार. ती शाकाहारी आहे आणि घरात सगळे "दोन जीवांचं खा" म्हणून मागे लागलेत. पोटातल्या दिवसांचा पुढे परिणाम होतो म्हणतात, तो नेमका कशाचा?

पोषणवाला: होतो, आणि कोणत्या महिन्यात काय कमी पडलं यावर तो ठरतो. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. सुरुवातीच्या महिन्यांत झळ बसलेली मुलं चांगल्या वजनाची जन्मली, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. शेवटच्या महिन्यांत झळ बसलेली मुलं जन्मतःच कमी वजनाची होती. म्हणजे वजन भरलं की काळजी मिटली, असं नाही.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात ती गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते. म्हणून 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं असतं. ते चालू ठेवाच, पण सोबत बी-12 तपासा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात फोलेट (म्हणजे हेच फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त निघालं. शाकाहारात बी-12 मिळतं ते दूध-दह्यातूनच, आणि तेवढ्यावर बरेचदा भागत नाही.

दुप्पट जेवायची गरज नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जादा, म्हणजे दोन पोळ्या नि वाटीभर घट्ट वरण.

लॅबताई: साखरेचं मी सांगते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगावर चरबी चढते. नाळ कापली की आईकडची साखर थांबते, पण ते इन्सुलिन तसंच असतं, म्हणून जन्मल्यावर काही तासांत बाळाची साखर एकदम उतरू शकते.

तपासणी सोपी आहे: 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, 5-10 मिनिटांत प्यायचं, उपाशी असो वा नसो. दोन तासांनी रक्त. 140 किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. एकदा आत्ता आणि एकदा 24 ते 28 आठवड्यांत. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका.

विदर्भ_आरोग्य: भाऊ, सगळ्यात घाईचं राहिलंच: सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून तो पुढे देऊ शकणारे, बरेच आहेत. साध्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. बाळाला आजार आहे का हे पाहायला वारेचा नमुना साधारण 11 ते 14 आठवड्यांत घेतात, म्हणून तुमची दोघांची तपासणी याच आठवड्यात उरका.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी 180 दिवस. कॅल्शियम तिच्यापासून दोन तास लांब आणि चहा किमान तासभर लांब, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

उन्हाचं म्हणाल तर, अति उष्णतेनं वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. दुपारी बाहेर पडणं टाळा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर निजून मोजायची. दोन तासांत 10 भरल्या नाहीत तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.