मायदेशाला मत देणारी माणसं: तुमच्या क्रोएशियन शेजाऱ्यांच्या, सोयऱ्यांच्या आठवणी

केतकी_मिसिसागा
शनिवारी शेजारच्या काकूंचं गॅरेज आवरायला गेले होते. काका जाऊन वर्ष झालं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पावत्या निघाल्या, १९९० आणि ९१ ला क्रोएशियासाठी दिलेल्या वर्गणीच्या. ५० डॉलर, १०० डॉलर, एकदा तर ५००. काका तेव्हा बांधकामावर फरशा बसवायचे, तीन मुलं शाळेत. काकू म्हणाल्या, त्या वर्षी नवा फ्रीज घ्यायचा राहून गेला.

१९८७ मध्ये, क्रोएशिया अजून युगोस्लाव्हियात असताना, तुज्मान (पुढे क्रोएशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) कॅनडात आले तेव्हा काका त्यांना ऐकायला गेले होते. युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा टिटो, त्याच्या सैन्यातला हा जनरल, पुढे त्याच राजवटीने दोनदा तुरुंगात टाकलेला. काकांच्या एका बाजूला १९४५ नंतर टिटोच्या राजवटीतून पळून आलेले गृहस्थ बसले होते, दुसऱ्या बाजूला टिटोच्या बाजूने लढलेल्याचा मुलगा. एरवी हे दोघं एका खोलीत बसले नसते. १९९० च्या वसंतात क्रोएशियात अनेक पक्षांची पहिली निवडणूक झाली, तुज्मानांचा एचडीझेड हा पक्ष जिंकला. ओटावात पिझ्झाचा धंदा केलेले गोय्को शुशाक परत जाऊन १९९१ मध्ये संरक्षणमंत्री झाले. काकांना वाटलं, आता आपलीही गरज लागेल.

१९९६ ला साठवलेले पैसे घेऊन स्लावोनियात गावी गेले, लाकूडकामाचा छोटा कारखाना काढायला. दीड वर्षात परत. एका कचेरीत त्यांना विचारलं होतं, "आत तुमचं कोण आहे?" हे सांगताना दर वेळी काकांचा आवाज बसायचा. आणि तरी प्रत्येक निवडणुकीला सूट घालून वकिलातीत जायचे आणि त्याच पक्षाला मत द्यायचे! मी विचारलं होतं का म्हणून. म्हणाले, "समोर जुने कम्युनिस्टच आहेत नाव बदलून. हात उठत नाही."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. परवा त्या पावत्या हातात घेऊन मात्र खूप वेळ बसले. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर लिहा ना.

आप्पा_सांगली
आम्हाला टिटो-नेहरू-नासेर एका दमात पाठ. १९५६ ला तिघं ब्रियोनी बेटावर भेटले, ते बेट क्रोएशियातच. टिटोबद्दल वाईट बोलणारा माणूस आम्ही ऐकलाच नव्हता. तुमच्या काकांशी बोलायला आवडलं असतं.

म्युनिकची_सून
माझे सासरे १९६९ चे गास्टआर्बायटर, म्हणजे करारावर जर्मनीत आलेले कामगार, क्रोएशियातल्या इमोत्स्कीकडचे. जर्मनीने युगोस्लाव्हियाशी करार केला १९६८ ला, त्यानंतरची ती लाट. लग्नानंतर मला एकच गोष्ट विचित्र वाटायची, फोनवर राजकारण निघालं की सासरे हवामानावर यायचे. २००८ साली! नवऱ्याने मग सांगितलं. १९८३ च्या जुलैत इथून जवळ वोल्फ्राट्सहाउझेनला स्त्येपान जुरेकोविच या क्रोएशियन माणसाचा खून झाला, युगोस्लाव गुप्त पोलिसांनी करवलेला. सासरे त्या आठवड्यात मुलांना शाळेत स्वतः सोडायला जायचे.

त्या खुनासाठी त्या गुप्त पोलिसांच्या दोन माजी अधिकाऱ्यांना म्युनिकच्या कोर्टाने जन्मठेप दिली ती २०१६ मध्ये. ३३ वर्षांनी. आणि २०१३ ला क्रोएशिया युरोपियन युनियनमध्ये शिरायच्या तीन दिवस आधी राजधानी झाग्रेबच्या संसदेने कायदा बदलून त्यांना जर्मनीच्या हाती द्यायचं टाळायला पाहिलं होतं. सासरे बातमी बघून एवढंच म्हणाले, "राज्य बदललं, खुर्चीतले तेच." बाळ उठलं, उरलेलं नंतर.

मंजूताई
वाचून गलबलले. अवांतर, केतकी, त्या काकू सारमा, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानात सारण भरून, करतात का? कोबीचा पूर्ण गड्डा आंबवतात म्हणे. कृती मिळेल?

केतकी_मिसिसागा
मंजूताई करतात, विचारते. गड्ड्यांचं पिंप गॅरेजमध्येच आहे, वास मी सांगायला नको 🙂

झाग्रेबवासी
मी सहा वर्षं इथे आहे, नोकरीनिमित्त. इकडची बाजूही ऐका, कुणाचं मन दुखवायचं नाही.

१९९५ च्या निवडणुकीत १२७ पैकी १२ जागा परदेशस्थ क्रोएशियनांसाठी होत्या, बाराच्या बारा एचडीझेडला. त्यात टोरोंटो-सिडनीपेक्षा शेजारच्या बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या क्रोएशियन लोकांची मतं जास्त. माझ्या ऑफिसातली एक बाई अजून चिडते, "माझी पेन्शन, माझा दवाखाना, आणि ठरवणार जो इथे राहत नाही तो." २०१० मध्ये घटना बदलून या जागा ३ वर आणल्या, आता १५१ मध्ये ३. तिच्या मते त्याही नकोत. मला ३ योग्य वाटतात. ज्यांनी फ्रीज न घेता पैसे पाठवले त्यांना अगदीच बाहेर कसं काढणार?

पण तिची आई जे सांगते ते मी विसरत नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये रेडिओ १०१ या स्वतंत्र रेडिओ केंद्राची परवानगी काढून घेतली तेव्हा एक लाखाहून जास्त माणसं इथल्या मुख्य चौकात आली, ती त्यात होती. तुज्मान डिसेंबर १९९९ ला गेले आणि ३ जानेवारी २००० ला त्यांचा पक्ष हरला. ती रात्रभर जागी होती, काही दंगा होईल म्हणून. काहीच झालं नाही. सकाळी बेकरी उघडली, ट्राम चालू. तिच्या लेखी देश १९९१ ला मिळाला आणि लोकशाही त्या सकाळी.

केतकी, तुमच्या काकांनी ती सकाळ टोरोंटोत बसून पाहिली. त्यांना ती हार वाटली असणार.

केतकी_मिसिसागा
हो. त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे.

डब्लिन_डायरी
माझ्या टीममध्ये तीन क्रोएशियन, सगळे २०१३ नंतर आलेले. यांना पावत्या-वर्गण्या काही माहीत नाही. "व्हेझा", म्हणजे ओळख, नसेल तर शाळेत शिपायाचीही नोकरी नाही म्हणून निघाले. पक्षाच्या वशिल्याने चिकटलेल्याला "उह्ल्येब" म्हणतात, हा शब्द मी रोज ऐकते. माजी पंतप्रधान सानादेर भ्रष्टाचारात दोषी ठरले, यांना नवल नाही. २०११ च्या जनगणनेत ४२.८ लाख लोक, २०२१ मध्ये ३८.७. ओसियेकची मुलगी म्हणते वर्गातले निम्मे बाहेर. मत द्यायला मात्र जात नाहीत. मी भांडते त्यांच्याशी, की राग आहे तर जा ना. ट्रेन आली, बाय.

प्रसाद_सिडनी
इथे "युगोस्लाव" म्हणालात की संपलं. मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो, मित्राची आजी उठून आत गेली. १९७७ ला या लोकांनी कॅनबेरात स्वतःची वकिलात उघडली होती, देश अस्तित्वात नसताना! सरकारने कायदा करून बंद करवली.

एक जड गोष्टही लिहितो. एका घरी भिंतीवर पावेलिचचा फोटो पाहिला. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या छत्राखालचा उस्ताशा (क्रोएशियन फॅसिस्ट) राज्यकर्ता, यासेनोवाचची मृत्युछावणी त्याच्याच राज्यातली. माझ्या घशाखाली घास उतरेना. टिटोपासून पळालेल्यांनी आठवणी जशाच्या तशा गोठवून आणल्या. त्या घरातली नात मात्र स्वतः यासेनोवाचला जाऊन आली आणि आजोबांशी भांडली. मला तिचा फार आदर आहे.

गोंयकार_सुनीता
थोडं बाजूला जाते. जुन्या गोव्याजवळ गंडौलीत साव ब्राझचं चर्च आहे, क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. तोच संत त्यांच्या शहराचा रक्षक. माझं माहेर जवळच.

मंजूताई
अगं तू गंडौलीची? माझी मावशी दिवाडीला होती! विपु (विचारपूस) बघ.

नागपुरी_टोरोंटो
आपण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारतातलं मत जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत नाही. आधी रडलो होतो. हा धागा वाचून विचारात पडलोय, माझ्या मताने जे सरकार येईल त्याखाली राहणार तर तिथली माझी वहिनीच ना.

केतकी_मिसिसागा
सारमाची कृती विचारायला गेले आणि वेगळंच कळलं. निवडणूक आली की काकू ओसियेकला बहिणीला फोन करायच्या, "तुझ्या गल्लीत काय चाललंय, कुणाला देऊ?" ती सांगेल त्याला मत. २००० पासून बहुतेक वेळा काकांच्या उलट. दोघं एकाच गाडीतून जायचे, येताना कॉफी प्यायचे, काकांना कधी सांगितलं नाही. मी विचारलं वाईट वाटायचं का. म्हणाल्या, "पैसे त्याने पाठवले होते. राहते माझी बहीण."

डबा त्यांनी ठेवून घेतलाय. मंजूताई, कोबी सहा आठवडे आंबवायचा, दर दोन दिवसांनी पाणी ढवळायचं.