बाल्सावर सीलरचे तीन हात देऊनही रेषा वर येतात, शेपटी वाकते: काय चुकतंय?

प्रश्न

इलेक्ट्रिक मॉडेल ग्लायडर आहे. पंख ९०० मि.मी. लांब, १५० मि.मी. रुंद, वरखाली १.५ मि.मी. बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड) शीट. आडवी शेपटी ३ मि.मी.च्या एकाच शीटची. नायट्रोसेल्युलोज सँडिंग सीलरचे (रंगाआधी लाकडावर द्यायचं, घासून गुळगुळीत करता येणारं अस्तर) तीन हात दिले, दर हातानंतर तासाभराने ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला आणि वर कॅनमधला स्प्रे रंग. आठवड्यात रंगातून लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. शेपटीची वरची बाजू एका दिवशी आणि खालची दुसऱ्या दिवशी केली, तर कडा वर उचलल्या गेल्या. पंखाचं वजनही १९ ग्रॅमनी वाढलं. कुठे सुधारू?

उत्तर १

तासाभराने पेपर मारलात, तिथेच रेषांचं मूळ आहे. सीलर वरून कोरडा लागला तरी बाल्साच्या रुंद छिद्रांत थिनर अडकून राहतो. तो पुढे कित्येक दिवस उडत राहतो, तसा छिद्रातला सीलर खाली बसतो आणि वरचा रंगही सोबत खचतो. दोन हातांमध्ये निदान तीन-चार तास जाऊ द्या. रंगाआधी पूर्ण एक दिवस थांबा, दोन मिळाले तर उत्तमच.

क्रम असा ठेवा. सीलर लावण्यापूर्वीच कोरडं लाकूड ३२० ने, पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेने घासा. मऊ ब्रशने छिद्रांतली धूळ काढा, नाहीतर सीलर धुळीवर बसतो. पहिला हात अर्धा सीलर, अर्धा थिनर. पुढच्या दोन हातांत त्याच पातळ मिश्रणात टाल्कम पावडर घाला, ब्रशवरून थेंब सहज सुटेल इतकीच. पावडर तळाशी बसते, म्हणून दर दोन मिनिटांनी ढवळा. छिद्रं भरण्याचं काम ती पावडर करते, निव्वळ सीलर नाही.

आता वजनाचं. भरलेला बहुतेक सीलर पेपरने परत काढायचा असतो, हे लक्षात ठेवा. दिव्याच्या उजेडात पंख तिरका धरून पाहा. घासलेला भाग मंद दिसतो आणि खोलगट जागी बारीक चमकते ठिपके उरतात. ठिपके संपेपर्यंत ४०० ने घासा. सगळीकडे सारखा मंदपणा आला आणि खालून लाकडाचा रंग दिसू लागला की थांबा. दर टप्प्याला ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

उत्तर २

शेपटीबद्दल. नायट्रो सीलर सुकताना आकसतो, त्यामुळे ज्या बाजूला आधी लावला ती बाजू खोलगट होते. पाण्यावर आधारलेल्या वार्निशचं आधी उलटं होतं: ओली बाजू फुगते आणि कडा दुसरीकडे वळतात. दोन्ही बाबतीत उपाय एकच, दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत तितकाच हात द्यायचा. मग शेपटी सपाट फळीवर ५ मि.मी.च्या पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पट्ट्यांच्या बरोबर वर वजन ठेवून रात्रभर सोडा. पट्ट्यांना सेलोफेन गुंडाळा, नाहीतर चिकटतील.

वाकलेली शेपटी सरळ करायची तर आधी रंग काढा. खोलगट बाजूवर ब्रशने थिनर फिरवून सीलर मऊ करा आणि तशीच दाबून ठेवा.

शेपटीवर सीलर कमीत कमीच हवा. गुरुत्वकेंद्रापासून शेपटी नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर मागच्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं.

उत्तर ३

पंखासाठी वेगळा मार्ग सुचवतो: २५ ग्रॅम प्रति चौरस मीटरचं काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड), रेझिनने, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या द्रवाने, चिकटवायचं. तुमच्या पंखाच्या दोन्ही बाजू मिळून ०.२७ चौरस मीटर होतात, म्हणजे कापड पावणेसात ग्रॅम. तितकंच रेझिन धरलं तर साडेतेरा. सीलरपेक्षा हलकं आणि बोटाची खूण पडू न देणारं. पण रेझिन जास्त झालं की सगळा फायदा गेला. कापड कोरडंच पसरा, रेझिन मधून कडांकडे ढकला, मग टॉयलेट पेपरचं अख्खं भेंडोळं हलक्या हाताने फिरवून जादा रेझिन टिपून घ्या. विणीचे चौकोन स्पष्ट दिसले पाहिजेत. कापड चमकत असेल तर अजून टिपा. उरलेली बारीक छिद्रं प्रायमरने भरून तो जवळजवळ सगळा घासून काढा.

प्रश्नकर्ता

पंखाची पुढची कड पातळ सायनोने (झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद) कडक केली तर चालेल?

उत्तर १

चालेल, पण फक्त कडेला. बाल्सा पातळ सायनो झपाट्याने पितो, तापतो आणि डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. खिडकी उघडी ठेवा, चेहरा लांब ठेवा. तो भाग आजूबाजूपेक्षा कडक होतो, म्हणून घासताना शेजारचा मऊ बाल्सा आधी झिजतो आणि पायरी पडते. कड आधी नेमक्या आकाराला आणा, सायनो शेवटी.

उत्तर २

एक राहिलं. दमट हवेत सीलर पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या थिनरचा हलका हात द्या, निघून जाईल. आणि इनॅमलवर (तेलकट रंगावर) लॅकरचा (थिनरमध्ये विरघळवलेल्या रंगाचा) स्प्रे मारू नका, खालचा थर सुरकुततो. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहा.