बेलफास्टमधील आंतरपंथीय जोडप्यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट जोडप्यांची पहिली भेट नेमकी कुठे होत असे, यावर मी अभ्यासमंडळासाठी टिपण लिहीत असून एका जागी अडलो आहे. तिथल्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, दोन्ही समाजांतील दंगलींमुळे १९६९ पासून त्यांच्या वस्त्यांच्या मधोमध भिंती उभ्या राहिल्या, शाळा तर त्याआधीपासूनच वेगळ्या. दोन्ही समाजांच्या मुलांना एकत्र शिकवणारी लगान कॉलेज ही माध्यमिक शाळा १९८१ मध्ये निघाली, तीही जेमतेम २८ विद्यार्थ्यांनिशी. मग उरतात विद्यापीठ, इस्पितळ आणि कचेरी, असा माझा अंदाज आहे. तिथेही समोरच्याचा पंथ आधी ताडला जातो: नावावरून, शाळेवरून, इतकेच काय, इंग्रजीतले आठवे अक्षर तो ‘एच’ म्हणतो की ‘हेच’, यावरूनसुद्धा. (आपल्याकडे आडनाव विचारतात, तसेच.)

तिथे राहिलेल्या कुणाच्या ओळखीत १९७०-८० च्या दशकांत लग्न केलेली अशी जोडपी असतील, तर ती कुठे भेटली आणि घरी केव्हा सांगितले, हे नावे न देता कृपया कळवावे. शिवाय दोघेही ख्रिस्ती असल्याने ‘आंतरधर्मीय’ हा शब्द मला खटकतो. ‘आंतरपंथीय’ चालेल का?