मदत हवी आहे: शनिवारी पार्टी आहे आणि बाळ अंगावर पितं

रेवा_म
शनिवारी संध्याकाळी पार्टी आहे. दिवस राहिल्यापासून दारूचा थेंब घेतलेला नाही. आता एकदा घ्यावीशी वाटतेय. बाळ अंगावर पितं. घेतल्यानंतर किती वेळाने पाजलं तर चालतं, एवढंच हवंय. शोधलं तर एक जण दोन तास म्हणतो, दुसरा चोवीस, तिसरा म्हणतो पंप करून ओतून टाका आणि लगेच पाजा. डोकं पिकलंय. "एवढं काय नडलंय" छाप प्रवचनं कृपया नकोत, ती घरी फुकट मिळतात.

झेलम
बाळ किती महिन्यांचं? काय घेणार, किती घेणार? तुझं वजन साधारण किती? बाटलीने पितं का? हे कळल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो हवेतला.

रेवा_म
वाइन. किती ते तिथे गेल्यावर ठरेल. बाळ एकदम छान आहे, वजन वाढतंय. वयाचा काय संबंध?

झेलम
वयाचाच तर संबंध आहे.

गोदाकाकू
अगं रेवा, वाइन कशाला, बिअर घे थोडी. दूध वाढतं. माझ्या वेळी मला एका जाणत्या बाईने सांगितलं होतं आणि मला चांगला गुण आला. थोडीशीच हं. आईला झोप लागते, बाळालाही लागते.

चक्रम
गोदाकाकू +१. माझ्या बहिणीलाही सांगितलं होतं.

पाळणाघर
काकू, तुमचा मान राखून सांगते, हे उलटं आहे. मी प्रसूती विभागात नर्स आहे, हा प्रश्न मला नेहमी येतो. बिअरमधल्या बार्लीमुळे प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, थोडं वाढतं असं म्हणतात, त्यावरून हा समज पसरला. पण पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे, आणि अल्कोहोल नेमकं त्यालाच दाबतं. म्हणजे छाती भरलेली वाटते पण दूध सुटत नाही, आणि भरलेलं वाटतंय म्हणून बाईला वाटतं दूध वाढलं. ज्युली मेनेला या संशोधिकेचा १९९१ सालचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. आईने थोडं अल्कोहोल घेतल्यावर बाळं सुरुवातीला जास्त वेळा चोखत होती, पण पोटात दूध कमी गेलं.

आणि बाळाला झोप लागते म्हणता, तर ती तुकड्यातुकड्यांची असते. एकूण झोप कमीच भरते.

गोदाकाकू
असेल बाई. आमची मुलं तर धडधाकट वाढली.

पंपवाली_मावशी
रेवा, एवढं टेन्शन घेऊ नकोस. पार्टीहून आलीस की दोन्ही बाजू पंप कर, ओतून टाक, पुढचं दूध स्वच्छ. मी तसंच करायचे. फक्त पंप इलेक्ट्रिक घे, हाताच्या पंपाने मनगटं जातात.

पाळणाघर
मावशी, नाही. दूध म्हणजे टाकीत साठलेलं पाणी नव्हे, की उपसलं आणि नवीन भरलं. दुधातलं अल्कोहोल रक्ताबरोबर चढतं आणि रक्ताबरोबर उतरतं. रक्तात जेवढं, साधारण तेवढंच दुधात. तुम्ही ओतून टाकलंत तरी रक्तात आहे तोवर नव्या दुधातही येणार. उलट एकदा रक्तातून गेलं की छातीतल्या दुधातूनही आपोआप परत जातं, ते ओतायची गरजच नसते. उरतो फक्त वेळ. काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, भरपूर पाणी, कशानेही तो कमी होत नाही.

पंप करायचं ते छाती दगडासारखी झाली, गाठी व्हायला लागल्या तर, स्वतःच्या आरामासाठी. आणि हो, त्या वेळी काढलेलं दूध मात्र खरंच टाकायचं. बाहेर काढलं की त्यातलं अल्कोहोल त्यातच राहतं, फ्रीजमध्ये ठेवून जात नाही.

पंपवाली_मावशी
मग बाजारात त्या दूध तपासायच्या पट्ट्या कशाला विकतात?

झेलम
विकल्या जातात म्हणून विकतात.

खट्याळ_खार
इलेक्ट्रिक पंपाबद्दल कोणी विषय काढलाच आहे तर विचारते, एका वेळी दोन्ही बाजूंचा घ्यावा की एकाचा? आवाज फार होतो का? ऑफिसात वापरायचाय.

पंपवाली_मावशी
दोन्ही बाजूंचाच. निम्म्या वेळात होतं. तुझी विपू (विचारपूस, निरोपांचं पान) बघ.

तर्कटराव
इथे उगाच घाबरवणं चाललंय, जरा गणित करा. बाईच्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असेल, म्हणजे बऱ्यापैकी जाणवेल इतकं, तर १०० मिली दुधात ०.०५ ग्रॅम. पाच शतांश ग्रॅम! बिनअल्कोहोलची म्हणून विकली जाणारी बिअरही यापेक्षा जोरदार असू शकते. आईला चढू शकते, बाळाला दुधातून चढणं जवळपास अशक्य. रेवाताई, दोन ग्लास घ्या, येऊन पाजा.

पाळणाघर
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. तान्ह्या बाळाचं यकृत अल्कोहोल मोठ्या माणसाच्या निम्म्या वेगाने काढतं, पहिल्या काही आठवड्यांत तर विशेष. पहिल्या तीन महिन्यांत जास्त जपायचं ते म्हणून. आणि बाळ एकदा पीत नाही, पुन्हा पुन्हा पितं. एका ग्लासाने अनर्थ होत नाही हे मीही मानते. पण "येऊन लगेच पाजा" हा सल्ला मी कोणालाच देणार नाही.

तर्कटराव
पुरावा द्या. १९८९ साली रोज पिणाऱ्या आयांच्या बाळांची एक वर्षाची असताना तपासणी झाली, हालचालींच्या विकासाचे गुण थोडे कमी आले. त्यावरून केवढा गदारोळ. पुढे २००२ साली त्याच संशोधिकेने दीड वर्षाच्या मुलांवर पुन्हा पाहिलं, तर तसं काही दिसलंच नाही.

पाळणाघर
माहीत आहे मला. दिसलं नाही म्हणजे रोज प्या असं तुम्हीही म्हणत नसाल. आणि रेवा रोजचं विचारत नाहीये, एका संध्याकाळचं विचारतेय. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी म्हणते: न घेणं सर्वांत सुरक्षित. घ्यायचंच तर दिवसाला एका ड्रिंकपर्यंत बाळाला अपाय झाल्याचं माहीत नाही, मात्र एका ड्रिंकनंतर पाजण्याआधी निदान दोन तास थांबा. आपल्या दोघांच्या भांडणापेक्षा हे तिच्या जास्त कामाचं.

सदाचारी
मूल नऊ महिने पोटात होतं तेव्हा जमलं ना? मग अजून काही महिने काय बिघडतं? हल्लीच्या आयांना सगळंच हवं असतं.

झेलम
आले. वाटच बघत होते. बाबांसाठी असा धागा कधी काढणार, सदाचारी?

सदाचारी
सत्य कटूच असतं. माझा मुद्दा बाळाच्या भल्याचा आहे.

आळशी_अस्वल
झेलमवरून आठवलं. मी बाबा आहे. बायको घेत नाही, मी शनिवारी दोन पेग घेतो. रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपायची सवय आहे, बाळालाही तसंच लागतं. मला काही दूध पाजायचं नाही, म्हणजे मला चालतं ना?

पाळणाघर
नाही! माझं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आई असो वा बाबा, दारू घेतलेल्या माणसाने बाळाला घेऊन एका अंथरुणात झोपायचं नाही. सोफ्यावर, आरामखुर्चीत तर मुळीच नाही. दारूने झोप जड होते, कूस बदलताना भान राहत नाही, बाळाचं नाक-तोंड दाबलं गेलं तरी जाग येत नाही. दुधातून जाणाऱ्या त्या शतांश ग्रॅमपेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. त्या रात्री बाळ वेगळ्या पाळण्यात, उताणं, कडक गादीवर, आसपास उशा-पांघरुणांचा ढीग नको. आणि घरात एक मोठं माणूस पूर्ण शुद्धीत हवं.

आळशी_अस्वल
हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून बंद.

तर्कटराव
या मुद्द्यावर पाळणाघर यांना पूर्ण अनुमोदन.

तेजूची_आई
रेवा, दुसऱ्या दिवशी डोकं दुखू नये म्हणून झोपण्याआधी दोन ग्लास पाणी पी. आणि डोकेदुखीची गोळी घेताना कोडीन (अफूवर्गातलं वेदनाशामक) असलेली घेऊ नकोस, पाजणाऱ्या बाईने कोडीन टाळायचं असतं.

रेवा_म
मी हँगओव्हरचं विचारलंच नव्हतं. दोन दिवसांनी आले तर पंप, सत्य आणि अस्वल एवढं सगळं झालेलं. घ्या तपशील: बाळ अडीच महिन्यांचं. माझं वजन ५४. बाटलीने कधीच प्यायलेलं नाही, तोंडात घेतली की थुंकतं. संध्याकाळी सात ते अकरा दर तासा-दीड तासाला पितं, अकरानंतर सलग चारेक तास झोपतं. आता सांगा.

झेलम
बाटली घेत नाही हे तू आत्ता सांगतेस?

रेवा_म
कोणी विचारलं नाही.

झेलम
वर बघ. पहिला प्रतिसाद.

पाळणाघर
जाऊ दे झेलम. रेवा, आता नीट सांगता येईल.

आधी ग्लासाचं माप. एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल: १२ टक्क्यांची वाइन १५० मिली, ५ टक्क्यांची बिअर ३५० मिली, ४० टक्क्यांची व्हिस्की-व्होडका ४५ मिली. पार्टीत वाइनचा मोठा ग्लास भरून देतात, तो २५० मिलीचा असला आणि वाइन १३ टक्क्यांची असली तर ती जवळजवळ दोन ड्रिंक झाली. तुझ्या लेखी तो "एकच ग्लास". बिअरचंही तेच, ८ टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे दोनाहून जास्त. "तिथे गेल्यावर ठरेल" हे म्हणून नको, घरून निघतानाच ठरव.

वेळ. तुझ्या वजनाला एका ड्रिंकला साधारण अडीच तास धर, प्यायला सुरुवात केल्यापासून. दोन घेतलीस तर पाच. कमी वजनाच्या बाईला जास्त वेळ लागतो. दुधातलं प्रमाण अर्ध्या ते एक तासात सर्वांत जास्त असतं, खाऊन घेतलीस तर जरा उशिरा, तास-दीड तासाने. नेमक्या त्याच वेळी पाजलं जातं, कारण बाळ रडतं आणि आई म्हणते झाला की एक तास.

आता तुझी अडचण. सात ते अकरा बाळ सारखं पितं आणि पार्टी त्याच वेळात. म्हणजे आठला एक ग्लास घेतलास तर साडेदहापर्यंत बाळाला दुसरं काहीतरी द्यावं लागणार, आणि ते बाटली थुंकतं. आजपासून रोज एकदा तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणी छोट्या कपाने किंवा चमच्याने तुझं काढलेलं दूध पाजून बघा, बाळ अगदी भुकेने कळवळलेलं नसताना. शनिवारी पहिल्यांदा करायला गेलात तर सगळं घर रडेल. रोज थोडं थोडं काढून साठव. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास.

हे जमलं नाही, तर दुसरा मार्ग: पार्टीत काहीच घेऊ नकोस. अकराला पाजून बाळ झोपलं की घरी आरामात एक ग्लास घे. पुढचं पाजणं चार तासांनी. हिशेब आपोआप बसतो.

रेवा_म
अकरा वाजता घरी एकटीने वाइन? त्यात पार्टी कुठे आली?

खट्याळ_खार
नवऱ्याला बसव समोर.

पाळणाघर
नवऱ्याला बसव, पण त्याच्या हातात ग्लास नको. शुद्धीतलं माणूस तोच.

रेवा_म
ही अट त्याला वाचून दाखवली. चेहरा बघण्यासारखा होता.

बरं, आज सासूबाईंनी चमच्याने पाजून बघितलं. अर्धं सांडलं, अर्धं प्यायलं. उद्या परत. मध्येच झोपेतून उठून बाळ लवकर भुकेजलं आणि अडीच तास झालेच नसले तर?

पाळणाघर
म्हणून साठवलेलं दूध हाताशी ठेवायचं. तेही संपलं तर पावडरचं. एकदा दिल्याने काही बिघडत नाही. आणि तुला स्वतःला चढलेलीच असेल तर घड्याळ काहीही म्हणो, पाजायचंही नाही आणि बाळाला उचलायचंही नाही.

चक्रम
अवांतर: माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते चालतं का? आणि खोकल्याच्या औषधात?

पाळणाघर
माउथवॉश थुंकून टाकतो आपण, काही होत नाही. खोकल्याचं औषध मात्र आपल्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यायचं, त्यात अल्कोहोलपेक्षा बाकीच्या गोष्टींचा प्रश्न असतो.

तर्कटराव
मी मघाशी बिनअल्कोहोलच्या बिअरचा उल्लेख केला तो कोणी मनावरच घेतला नाही. तिच्यात बहुधा अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतं. रेवाताईंना हातात ग्लास धरून चारचौघांत बसायचंय, एवढाच प्रश्न असेल तर तोही पर्याय आहे.

पाळणाघर
खरंय. लेबलवरचा टक्का वाचून घ्यायची. एक-दोन ग्लासांनी रक्तात मोजण्याइतकं काही चढत नाही, त्यामुळे पाजायला थांबावं लागणार नाही.

रेवा_म
तर्कटराव, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर सासूबाईंचा पदर वाचला असता. पार्टीत तीच घेते, खरी वाइन रात्री अकरानंतर. १५० मिलीचं माप असलेला ग्लास घरात नाही, बाळाच्या बाटलीवर खुणा आहेत त्याने मोजते. ती बाटली अशी तरी कामाला येईल.