मदत हवी आहे: गेम सुरू केल्यावर स्क्रीन काळी, ग्राफिक्स कार्डाचे पंखे पूर्ण वेगात

कार्ड ३०० वॅटचं, त्याला ८ पिनांचे दोन कनेक्टर. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा). विंडोज ११. डेस्कटॉपवर किंवा व्हिडिओ बघताना काही त्रास नाही. जड गेम लावला की काही मिनिटांत स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे एकदम सुसाट सुटतात, गेमचा आवाज मात्र थोडा वेळ येत राहतो. मग पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. तापमान ७२ अंशांच्या वर जात नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसतं. डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या प्रोग्रॅमने) सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला, फरक नाही. कार्ड गेलं समजायचं का?

प्रतिसाद १
इतक्यात नाही. कर्नल-पॉवर ४१ सोडून द्या, पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला एवढंच ती नोंद सांगते. आवाज येत राहतो म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड चालू आहेत, कार्ड तेवढं गळालंय. पॉवर सप्लायचं संरक्षण ट्रिप झालं असतं तर अख्खा पीसी बंद पडला असता. आता तीन गोष्टी बघून सांगा. दोन कनेक्टरना दोन स्वतंत्र केबल आहेत, की एकाच केबलची दोन तोंडं लावली आहेत? ७२ हे जीपीयूचं, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचं तापमान, की हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं? आणि 'डिस्प्ले' या स्रोताची ४१०१ क्रमांकाची (ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याची) नोंद आहे का?

प्रतिसाद २
विंडोजच्या रजिस्ट्रीत टीडीआर-डिले (जीपीयूच्या उत्तरासाठी थांबायची मुदत) वाढवून बघा. मूळ मुदत २ सेकंदांची असते, ती १० करा.

धागाकर्ता
केबल एकच आहे, तिलाच दोन तोंडं. ७२ जीपीयूचं, हॉटस्पॉट ८६. ४१०१ नाही.

प्रतिसाद १
टीडीआरला हात लावू नका. जीपीयूने उत्तर द्यायला वेळ लावला तर विंडोजने किती थांबायचं, एवढंच ते ठरवतं. लांबलचक रेंडरच्या कामात त्याचा उपयोग होतो. इथे कार्ड उत्तर द्यायला जागेवरच नाही, १० सेकंद थांबून काय मिळणार?

हॉटस्पॉटमधला १४ अंशांचा फरकही ठीक आहे. तो २५-३० च्या पुढे असता तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळली किंवा हीटसिंक नीट बसला नाही म्हटलं असतं.

संशय केबलवर आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या एका कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा. कार्डाने स्लॉटमधून ६० वॅट घेतले तरी उरलेले २४० त्या एकाच केबलवर येतात. १२ व्होल्टला हे २० अँपिअर झाले, तेही १२ व्होल्टच्या तीनच तारांमधून. शिवाय भार बदलताना कार्ड काही मिलिसेकंद याच्या दीडपट-दुप्पटही ओढतं. त्या क्षणी केबलमध्ये आणि पिनांच्या सांध्यात व्होल्टेज पडतं आणि कार्ड बंद होतं. हे सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण ते सेकंद-दोन सेकंदांनी एकदा मोजतं. म्हणून १२ व्होल्टचा आकडा चांगला दिसला तरी निर्धास्त राहू नका.

आधी बिनखर्चाची चाचणी: आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम लावा.

धागाकर्ता
७० टक्क्यांवर गेम बिनतक्रार चालतोय. पण पॉवर सप्लायबरोबरची दुसरी केबल सापडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची पडून आहे, तीच लावू का?

प्रतिसाद ३
अजिबात नको! कार्डाकडचं टोक ठरलेल्या मानकाचं असतं, सप्लायकडच्या टोकाला असं मानक नाही. कनेक्टर बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी निघाली तर १२ व्होल्ट आणि ग्राउंड अदलाबदल होऊन कार्ड जळू शकतं. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही मांडणी बदलते. मॉडेल क्रमांक देऊन उत्पादकाकडूनच मागवा. प्रोसेसरची ८ पिनांची केबलही इथे चालत नाही.

प्रतिसाद १
पूर्ण सहमत. केबल येईपर्यंत ७० टक्केच ठेवा, वेग मर्यादेच्या प्रमाणात घटत नाही, बराच कमी घटतो. लावताना पीसीचा प्लग काढा, दोन्ही कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबा. जुन्या केबलच्या पिना पिवळट किंवा वितळल्यासारख्या दिसल्या तर ती केबल पुन्हा वापरू नका. १०० टक्क्यांवर तरीही तसंच झालं, तर रायझर (कार्ड आणि स्लॉटमधली जोडकेबल) असल्यास काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा, मग दुसऱ्या सप्लायवर तपासा. तिथेही पडलं तरच कार्ड वॉरंटीत पाठवा.