पाणीयोजनेची मोटर बदलायला पैसे आधीपासून कसे साठवायचे?

नदीकाठची सदस्य
करवीर तालुक्यातलं आमचं गाव. 400 नळजोडण्या, पंचगंगेवर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर. 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत मोटरी पाण्यात गेल्या. त्यातली एक रिवाइंडिंग करून चालवत होतो, ती परवा परत जळाली. वाइंडिंगवाल्यानं उघडून दाखवली, तारा काळ्या कुळकुळीत. पाणीपट्टी जमते ती लाईट बिल, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) आणि पाणी सोडणाऱ्याच्या पगारातच संपते. नमुना 1 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या बजेटात, 'दुरुस्ती'समोर गेल्या साली होता तोच आकडा. सगळे म्हणतात, पंधराव्या वित्त आयोगाच्या सरकारी निधीतून घ्या. पण दर खेपेला असंच धावायचं का?

जुना पंपवाला
ताई, पंपघरावर 30 वर्षं काढली, म्हणून सांगतो. दुरुस्ती आणि बदली एका ओळीत लिहू नका. दुरुस्ती यंदाची, बदली दहा वर्षांची. दोन पंपसेट धरा, एक चालू, एक राखीव. 3 लाखांना एक म्हटला तर 6 लाख. दहानं भागा, वर्षाला 60 हजार. 400 जोडण्यांवर 150 रुपये, म्हणजे महिन्याला साडेबारा. एवढ्यात कटवडा पण येत नाही. भाववाढ धरून पंधरा करा, आणि हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. लाईट बिलाच्या खात्यात राहिले की गेलेच. पंधराव्या आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायच्या, निधीतला निम्मा पाण्यासाठी होता, शिल्लक असेल तर जरूर वापरा. पण त्या आयोगाची मुदत 2025-26 पर्यंतचीच, मोटर काय त्याला विचारून जळणार आहे?
त्याआधी मोटरचं विजेचं पॅनेल वर न्या. 2019 च्या पाण्याची खूण भिंतीवर असेल, तिच्याही वर दोन फूट.

रंकाळा कट्टा
पट्टी वाढवली की पुढच्या इलेक्शनला पडलाच म्हणून समजा 😄
बाकी कोल्हापूर शहरात तरी काय वेगळं? काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 ला आली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे किती किलोमीटर पाईप टाकली तेच मोजत होते. पंपांच्या बिलाचा विषय काढला तर मलाच गप्प बसवलं.

नदीकाठची सदस्य
दादा, आज टेप घेऊन गेले. खूण 11 फुटांवर, पॅनेल 5 फुटांवर! वेगळ्या खात्याचा ठराव ग्रामसभेत मांडते. साडेबारा की पंधरा, ते भांडण तिथंच होऊ दे.